भिंतींना तोंडही असतं!

"हळू बोला रे, भिंतींनाही कान असतात!" घरात मोठी माणसं काही गुपित बोलायला लागली, की आजी असं म्हणते. ही म्हण तुम्ही सगळ्यांनीच ऐकली असेल. पण मुलांनो, खरं सांगू? भिंतींना कानांपेक्षा तोंडच मोठं असतं. आपण बोललेलं त्या ऐकतात आणि लगेच परत बोलून दाखवतात. चार भिंती, एक छत आणि एक फरशी, म्हणजे सहा तोंडं! आपण रेडिओ लावतो, गाणं ऐकतो, तेव्हा ही सहा तोंडंही आपल्याबरोबर गात असतात. ती सुरात गातात की बेसूर, यावर आपलं गाणं रंगतं किंवा बिघडतं.

ही सहा तोंडं ओळखायची असतील तर चला माझ्याबरोबर छावणीत.

कानांनी पाहू या छावणी

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचं औरंगाबाद. या शहराच्या पश्चिमेला खाम नदी ओलांडली की छावणी लागते. छावणी म्हणजे लष्कराच्या मुक्कामाची जागा. इथे पूर्वी इंग्रज अधिकाऱ्यांची पलटण असे, आजही लष्कर आहे. मोठमोठी मैदानं, जुनी झाडं, दगडी चर्च, लष्करी फाटकं आणि त्यांच्या शेजारी गजबजलेल्या गल्ल्या, असा हा भाग. दौलताबादला आणि वेरूळला जाणारा रस्ता इथूनच पुढे जातो.

डोळे मिटून छावणीत फिरलं तरी आपण कुठे आहोत ते कळतं. मोकळ्या मैदानावर हाक मारा, हाक नुसती निघून जाते. परत काहीच येत नाही. अरुंद गल्लीत शिरा, तिथे सायकलची घंटा दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आपटत खणखणत जाते. गुरुवारी आठवडी बाजार भरतो. तिथे शेळ्यांचं बें-बें, भाजीवाल्यांच्या आरोळ्या, घासाघीस, सगळं एकदम चालू असतं. तरीही दोन हातांवरच्या भाजीवालीचा भाव नीट ऐकू येतो. का बरं? कारण वर आकाश उघडं असतं. आवाज वर गेला की गेला. हाच बाजार एखाद्या बंद दालनात भरवला, तर कानांवर हात ठेवून पळावं लागेल!

हा मोकळा आकाशाचा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे तो आपल्याला फार उपयोगी पडणार आहे.

बँडवाले आजोबा

छावणीत काही जुनी घरं अजून टिकून आहेत. हातभर जाड भिंती, चुन्याचा गिलावा, शहाबादी फरशी आणि मान वर करून पाहावं लागेल इतकं उंच छत. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यावर हा त्या काळचा उपाय होता. गरम हवा वर चढते, माणसं खाली गारव्यात राहतात. घर थंड राहतं खरं, पण अशा घरात टाळी वाजवून बघा. टाळी संपते, तिचा आवाज मात्र संपत नाही!

अशाच एका घरात माझ्या ओळखीचे एक आजोबा राहतात. लष्कराच्या बँडमध्ये त्यांनी आयुष्यभर क्लॅरिनेट वाजवली. आता वय ऐंशीच्या पुढे. वाजवणं सुटलं, पण ऐकण्याचं वेड तेवढंच. सकाळी आकाशवाणी आणि संध्याकाळी जुन्या नाट्यगीतांच्या कॅसेट हा त्यांचा नेम.

गेल्या वर्षी हा नेम मोडला. रेडिओवर रुमाल टाकून त्यांनी तो फडताळात ठेवून दिला. म्हणाले, "कान गेले माझे. नुसता गलबला ऐकू येतो. शब्द कळत नाहीत, तबला कळत नाही. कशाला लावायचा?" मुलाने शहरातून भलामोठा नवा स्पीकर आणला. तो लावल्यावर तर आजोबा उठून अंगणातच गेले!

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. वयामुळे ऐकणं थोडं कमी झालं आहे, असं ते म्हणाले. पण एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात येत नव्हती. अंगणात बसल्यावर आजोबांना रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांचं बोलणं बऱ्यापैकी कळत होतं. खोलीत आले की कळत नव्हतं. मग दोष सगळा कानांचाच कसा?

माझ्या सातवीच्या वर्गातली चार मुलं त्यांच्या शेजारी राहतात. त्यांनी हे मला सांगितलं. एक मुलगी म्हणाली, "बाई, आजोबांचे कान अंगणात बरे होतात आणि घरात बिघडतात!" मी म्हटलं, "मग कानांना औषध देण्याआधी घराची नाडी बघू या."

प्रतिध्वनी आणि निनाद

आवाज हवेतून एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. डोंगरासमोर हाक मारली की ती थोड्या वेळाने परत ऐकू येते, तो प्रतिध्वनी. तो वेगळा ऐकू येण्यासाठी मूळ आवाज आणि परत आलेला आवाज यांत निदान एक-दशांश सेकंदाचं अंतर लागतं. म्हणजे भिंत कमीत कमी १७ मीटर दूर हवी. आपल्या खोल्या काही एवढ्या मोठ्या नसतात. मग घरात काय होतं?

आजोबांची खोली ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि ५ मीटर उंच आहे. अशा खोलीत आवाज एका सेकंदात जवळजवळ शंभर वेळा कुठल्या ना कुठल्या भिंतीवर, छतावर, फरशीवर आपटतो. चुन्याचा कडक गिलावा दर टोल्याला त्यातला शंभरातला दोन-तीन भागच गिळतो. बाकीचा सगळा परत फेकतो. हे परत आलेले आवाज इतके जवळजवळ येतात, की वेगवेगळे ऐकूच येत नाहीत. ते मूळ आवाजाला शेपटीसारखे चिकटतात. या शेपटीला म्हणतात निनाद. आपण बोली भाषेत म्हणतो, "आवाज घुमतो."

आता गंमत बघा. गायकाने एक शब्द म्हटला. त्याची शेपटी दोन सेकंद लांब. पण तेवढ्या वेळात गायक पुढचे चार-पाच शब्द म्हणून मोकळा! म्हणजे प्रत्येक नवा शब्द मागच्या शब्दांच्या शेपटीवर पाय देत येतो. सगळा काला होतो. तरुण कान आणि तरुण मेंदू यातूनही शब्द वेचून काढतात. वय झालं की हे निवडणं जड जातं. आणि आवाज मोठा केला तर? शेपट्याही तेवढ्याच मोठ्या होतात. म्हणून तो नवा स्पीकर आणून काहीच साधलं नाही.

गाद्या वाहणारे प्राध्यापक

हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत एका तरुण प्राध्यापकापुढे आला होता. त्यांचं नाव वॉलेस सॅबिन. हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली फॉग कलासंग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह सुरू झालं. दिसायला छान, पण वक्ता काय बोलतो ते कुणाला कळेना. तिथे आवाज साडेपाच सेकंदांहून जास्त वेळ घुमत असे. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी सॅबिन यांना सांगितलं, "काहीतरी करा."

सॅबिन यांच्याजवळ साधनं काय होती? ऑर्गन नावाच्या वाद्याची एक नळी, एक वेळ मोजायचं घड्याळ आणि स्वतःचे कान. बस्स! दिवसा रस्त्यावर गोंगाट, म्हणून ते रात्री काम करत. जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांवरच्या गाद्या ते मदतनिसांबरोबर उचलून आणत. थोड्या गाद्या ठेवायच्या, नळी वाजवायची, आवाज किती वेळात विरतो ते मोजायचं. आणखी गाद्या, पुन्हा मोजणी. सकाळ व्हायच्या आत सगळ्या गाद्या परत जागेवर! गाद्या वाढत गेल्या तसा आवाज लवकर विरू लागला. शेवटी तो एक-सव्वा सेकंदावर आला.

एकदा तर त्यांना शोध लागला, की आपल्या अंगावरचे कपडेसुद्धा थोडा आवाज पितात! आधीची हजारो मोजमापं त्यांनी बाजूला ठेवली आणि रोज तेच कपडे घालून सगळी पुन्हा घेतली. याला म्हणतात चिकाटी.

आवाज पिण्याचं माप म्हणून त्यांनी काय घेतलं असेल? उघडी खिडकी! उघड्या खिडकीतून बाहेर पडलेला आवाज परत येत नाही. म्हणजे ती आवाज पूर्ण गिळते. एखादी गादी किती चौरस मीटर उघड्या खिडकीएवढा आवाज गिळते, ते त्यांनी ठरवलं. आठवला ना आपला आठवडी बाजार? त्याच्या डोक्यावर तर आभाळाएवढी खिडकी!

सॅबिन यांचा हिशोब तुम्हालाही करता येईल. खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये काढा. त्याला ०.१६ ने गुणा. आलेल्या संख्येला खोलीतल्या एकूण 'उघड्या खिडक्यांनी' भागा. उत्तर म्हणजे निनादाचे सेकंद. याच ज्ञानाच्या आधारे बॉस्टन शहरात सिंफनी हॉल बांधला गेला. तो १९०० साली सुरू झाला आणि आजही जगातल्या उत्तम संगीतगृहांत गणला जातो.

गोधड्यांची मोहीम

आजोबांच्या खोलीचं घनफळ ६ × ५ × ५ म्हणजे १५० घनमीटर. त्याला ०.१६ ने गुणलं की आले २४. आता किती सोपं झालं बघा! खोली अगदी रिकामी असेल तर भिंती, छत, फरशी मिळून जेमतेम ५ चौरस मीटर खिडकीएवढा आवाज गिळतात. २४ भागिले ५, म्हणजे पावणेपाच सेकंदांहून जास्त! पलंग, लाकडी कपाट, माणसं धरून ते १० झाले, असा अंदाज केला. २४ भागिले १०, म्हणजे २.४ सेकंद.

मुलांनी कागदी पिशव्या फुगवून फोडल्या आणि मोबाइलच्या घड्याळावर वेळ मोजला. एकदा मोजून भागत नाही, बोट मागेपुढे होतं. म्हणून दहा वेळा मोजून सरासरी काढली. अडीच सेकंद! हिशोब जमला होता.

मग मोहीम सुरू झाली. आजीच्या ट्रंकेतून चार जाडजूड गोधड्या निघाल्या, जुन्या नऊवारी साड्यांच्या थरांच्या. दोन बाजूंच्या भिंतींना लाकडी पट्ट्या ठोकून त्या टांगल्या. भिंतीला चिकटवून नाही बरं का, चार बोटं जागा सोडून. कापडामागे हवा राहिली की ते जास्त आवाज पितं, विशेषतः खालच्या पट्टीतला. खाली सतरंजी आली. मागच्या भिंतीला एक कापसाची गादी उभी केली. समोरच्या भिंतीशी पुस्तकांचं उघडं फडताळ आलं. पुस्तकं लहानमोठी असतात, त्यामुळे त्यांच्यावर पडलेला आवाज एकाच दिशेने न उसळता इकडेतिकडे विखुरतो.

आजीने हे सगळं पाहिलं आणि म्हणाली, "घर आहे की धोबीघाट?" शेवटी तह झाला. गोधड्या गाणं ऐकताना टांगायच्या, एरवी घडी करून ठेवायच्या!

स्पीकर होता कोनाड्यात. कोपऱ्यात किंवा कोनाड्यात ठेवलेला स्पीकर ढोलासारखा घुमतो, कारण जवळच्या भिंती खालच्या स्वरांना जोर देतात. मुलांनी तो बाहेर काढून भिंतीपासून दोन हात पुढे, स्टुलावर, घडी घातलेल्या पोत्यावर ठेवला. आजोबांची खुर्चीही मागच्या भिंतीपासून पुढे ओढली.

मग एक सूर वाजला की कुठेतरी 'झिर्रर्र' व्हायचं. शोध शोध शोधलं. ती होती मांडणीवरची स्टीलची ताटं! एखाद्या वस्तूचा स्वतःचा सूर बाहेरच्या सुराशी जुळला की ती आपोआप थरथरते. त्याला अनुनाद म्हणतात. ताटांमध्ये फडकी सारली, आवाज बंद.

पुन्हा दहा पिशव्या फुटल्या. सव्वा सेकंद! निनाद निम्म्यावर आला होता. खर्च फक्त खिळे, पट्ट्या आणि सुतळीचा.

संध्याकाळी फडताळातला जुना रेडिओच आजोबांसमोर ठेवला. आवाज बेताचाच. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मांडीवर बोटं चालू लागली, क्लॅरिनेटच्या कळा दाबल्यासारखी. म्हणाले, "तबल्यावरचं बोट न् बोट कळतंय." मग हसून म्हणाले, "मी जन्मभर मैदानावर वाजवलं. तिथे भिंत कुठे होती मध्ये बोलायला?"

आजोबांचे कान काही तरुण झाले नाहीत. सावकाश बोललेलं त्यांना आजही दोनदा विचारावं लागतं. पण सकाळचा नेम पुन्हा सुरू झाला आहे. मोठी माणसं "मला नाही ऐकू येत" म्हणून हळूहळू गाण्यातून, गप्पांतून उठून जातात. त्या वेळी घरातल्या भिंतींकडेही एकदा बघावं, एवढं मात्र आम्हाला कळलं.

वेरूळची दहावी लेणी

मग निनाद वाईटच का? अजिबात नाही! छावणीहून दौलताबादमार्गे तीसएक किलोमीटर गेलं की वेरूळ. तिथली दहावी लेणी म्हणजे बौद्ध चैत्यगृह, सातव्या शतकाच्या सुमाराचं. सुमारे २६ मीटर लांब, १३ मीटर रुंद, १० मीटर उंच, आणि सगळं एकाच कातळात कोरलेलं. छताला लाकडी वाशांसारख्या दगडी कमानी आहेत, म्हणून लोक या लेणीला 'सुतार की झोपडी' म्हणतात. समोर स्तूप आणि बुद्धाची बसलेली भव्य मूर्ती.

इथे दगडच दगड. आवाज पिणारं काही नाही. कुणी संथ, लांब स्वरात काही म्हटलं, तर एका माणसाचा आवाज अनेक जणांचा वाटतो आणि सगळी लेणी भरून जाते. मनात शांत वाटतं. पण तिथेच कुणी भराभर बोललं तर एक अक्षर कळत नाही. म्हणजे जागा वाईट नसते, जागेचा एक स्वभाव असतो. संथ पठणाला लांब निनाद शोभतो, झपाझप चालणाऱ्या तबल्याला आणि गोष्ट सांगणाऱ्या माणसाला तो नको असतो. (वेरूळला मंगळवारी सुट्टी असते. आणि लेणीत ओरडायचं नाही हं! हलकी टाळी पुरते.)

विजापूरच्या गोलघुमटाची तऱ्हा आणखी वेगळी. तिथल्या गोल सज्जात एका बाजूला भिंतीशी कुजबुजलं, तर ते वाकड्या भिंतीला धरून धरून पार समोरच्या बाजूला ऐकू येतं. सर सी. व्ही. रामन यांनाही अशा कुजबुजणाऱ्या सज्जांचं कोडं पडलं होतं, आणि त्यांनी त्यांचा अभ्यास केला होता.

आता तुमची खोली

तुमच्या घरातल्या खोल्या बहुधा लहान असतील. गाणं ऐकायला अशा खोलीत साधारण अर्धा सेकंद निनाद पुरेसा असतो. पलंगावरच्या गाद्या, पडदे, कपड्यांची दांडी यांनी बरंचसं काम आधीच केलेलं असतं. तरी हे करून पाहा.

एक. खोलीच्या मधोमध उभं राहून एकच जोरदार टाळी वाजवा. 'टर्रर्र' असा आवाज आला, तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती आपसात चेंडू खेळत आहेत असं समजा. त्यांतल्या एकीवर जाड कापड टांगा किंवा तिच्याशी पुस्तकं ठेवा.

दोन. तुम्ही ऐकायच्या जागी बसा. भावाला किंवा बहिणीला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायला सांगा. आरशात जिथे स्पीकर दिसेल, तिथूनच त्याचा आवाज उसळून पहिल्यांदा तुमच्याकडे येतो. उजेडासारखाच आवाजही उसळतो ना! गोधडी नेमकी तिथे लावा. थोडक्यात काम होतं.

तीन. स्पीकर दोन असतील तर दोघांतलं अंतर आणि प्रत्येकापासून तुमचं अंतर सारखं ठेवा. म्हणजे समभुज त्रिकोण. भूमितीचा असाही उपयोग!

चार. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवू नका. पुष्कळ जण तसं सांगतात, पण पातळ पुठ्ठा फारच थोडा आवाज पितो, आणि पेटला तर धोका वेगळाच.

पाच. गोधडी टांगली म्हणून शेजाऱ्यांचा टीव्ही ऐकू यायचा थांबणार नाही. आत घुमणारा आवाज पिणं वेगळं आणि बाहेरचा आवाज अडवणं वेगळं. अडवायला जड भिंत आणि फटी नसलेलं दार लागतं.

सहा. अति करू नका. सगळ्या भिंती कापडाने झाकल्या तर गाणं पांघरुणात तोंड घालून गायल्यासारखं मिणमिणं होतं. भिंतींनी गप्प बसायला नको, फक्त मध्ये मध्ये बोलायला नको!

येत्या रविवारी घरातल्या प्रत्येक खोलीत एकेक टाळी वाजवा. स्वयंपाकघर, न्हाणीघर, जिना, गच्ची. कुठली भिंत बडबडी, कुठली मितभाषी, ते वहीत लिहा. आणि घरात कुणी आजी-आजोबा "आता मला ऐकू येत नाही" म्हणून रेडिओपासून दूर बसत असतील, तर आधी त्यांची खुर्ची भिंतीपासून दोन हात पुढे ओढा, रेडिओ त्यांच्या जवळ आणा, खाली सतरंजी टाका. मग विचारा, "आता?"